सतरा कुणाच्या वाट्याला होता?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा. फक्त गणित नको, वाचक पळतात." हलवायाला दुकानाविषयी लिहायला सांगावं आणि गोडाचं नाव काढू नका म्हणावं, तसला हा प्रकार. मी गोड आवाजात बरं म्हटलं आणि फोन ठेवतानाच ठरवलं, लिहायचं तर गणितच. पळणाऱ्यांनी खुशाल पळावं.

मी मूळची मलकापूरची, पण सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात गेली. विषय नंबर थिअरी. म्हणजे पूर्ण संख्यांचे स्वभाव. कोणती संख्या कशाने भागली जाते आणि कोणती कुणालाच दाद देत नाही, एवढंच आयुष्यभर बघितलं. याचा उपयोग काय, असं पहिल्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं होतं. निरोप समारंभात त्यांच्या जागी आलेल्या तिसऱ्या प्राचार्यांनीही तेच विचारलं. मधल्या काळात मी उत्तर शोधायच्या भानगडीत पडले नाही.

गावाचा समज मात्र वेगळाच होता. आकड्यांच्या बाई म्हणजे आकडा काढून देणाऱ्या बाई. मटका जोरात होता त्या काळात एक गृहस्थ स्टाफरूमच्या दारात चपला काढून, हात जोडून आत आले आणि कुजबुजले, "बाई, उद्याचा सांगा की." मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "उद्याचा आकडा एक तर सम येईल, नाही तर विषम." ते चार वेळा मान डोलावून, "बास, येवढंच पायजे हुतं," म्हणत गेले. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आले. पेढे आम्ही स्टाफरूममध्ये वाटून खाल्ले.

दुसरे आले शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले. नवी गाडी घेतलेली आणि नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊच यायला हवी, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. मी त्यांना खरं ते सांगितलं. बेरीज नऊ आली की ती संख्या नऊने भागली जाते, म्हणजे तीननेही जाते, म्हणजे मुळातच फुटलेली. शेठ पांढरे पडले. "मग न फुटणारा नंबर कंचा?" मी म्हटलं, "९९७३. चार आकड्यांत याच्यापेक्षा मोठी न फुटणारी संख्या नाही." त्यांनी खटपट करून तोच नंबर मिळवला. पुढे कित्येक वर्षं तो ९९७३ रस्त्यात दिसला की मी रिक्षात बसल्या बसल्या हसायची. रिक्षावाले आरशातून बघायचे.

न फुटणारी म्हणजे काय, ते एकदाच सांगते, मग त्रास देणार नाही. बारा ही संख्या तीन चोक बारा अशी फुटते. तेरा फुटत नाही. एक आणि स्वतः तेरा, याशिवाय तिला कुणीच पूर्ण भागत नाही. शाळेत तिला मूळ संख्या म्हणतात. लहान संख्या फुटते का ते लगेच कळतं. संख्या मोठी झाली की मात्र एकेक भाजक लावून बघत बसावं लागतं आणि त्या बसण्यातच आमच्या धंद्याची सगळी गंमत आहे. या गमतीपायी मला एक खोड लागली. दिसेल त्या संख्येला सात, अकरा, तेरा, सतराने मनात भागत सुटायचं. गॅसच्या पुस्तकाचा नंबर, एसटीचा नंबर, व्याख्यात्याच्या मागच्या बॅनरवरचा फोन नंबर. या खोडीनेच पुढचं सगळं घडवलं.

शौकत मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. मास्तर म्हणजे उचगावचे बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत पुढे उलटं चालत हात हलवतो, तो माणूस. गडी उंच, मिशा झुबकेदार आणि आवाज असा, की शेजारच्या वर्गातला तास थांबला.

"बाई, तेरा मानसं सरळ रांगंत कशी बशिवायची?"

"एक पुढे, बारा मागे."

"ते मलाबी येतंय की. त्येला कशाला कॉलेज पायजे?" ते समोरच्या खुर्चीत बसले. "आवो, बारा हुती तवर चार-चारच्या तीन रांगा निघायच्या. झकास दिसायचं. आता ह्यो तेरावा घेतला खुळखुळ्यावर, तर रांग मोडायलीया. चौदावा घेतला तर बसत्यात. सतरा झाली तर परत न्हाय. हे आडमुठं आकडं कुटं कुटं येत्यात, त्येचा काय नेम हाय काय?"

मी पेन खाली ठेवलं. माझ्या एम.एस्सी.च्या मुलांनी इतक्या वर्षांत हा प्रश्न आपणहून विचारला नव्हता. या माणसाला तो वरातीत उलटं चालता चालता पडला होता. मी सांगितलं की नेम कुणालाच सापडलेला नाही, मोठमोठी माणसं शोधून दमली. मास्तरांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखायला हवी होती. हौशी माणसाला 'कुणालाच सापडलेलं नाही' हे वाक्य ऐकवणं म्हणजे मांजराला दुधाचं पातेलं दाखवणं.

त्यानंतर मास्तर अधूनमधून येऊ लागले. लग्नाचा मोसम संपला की आषाढ-श्रावणात बँडवाल्यांना काम नसतं, तेव्हा तर दर आठवड्याला. त्यांना एक सूत्र सापडलं होतं म्हणे. त्यातून निघणारी प्रत्येक संख्या आडमुठी. सूत्र दाखवा म्हटलं की दोन्ही हात शर्टाच्या खिशावर. "नगं बाई. तुमच्यावर इस्वास हाय, पर भिंतीला कान असत्यात. चोरीला गेलं म्हंजी?" असे सूत्रवाले मी पुष्कळ पाहिले होते. सगळ्यांना वाटतं, परदेशातले लोक कोल्हापुरात टपून बसलेत. तेव्हा मी आग्रह सोडला. त्यांनी मागितली म्हणून मूळ संख्यांची छापील यादी झेरॉक्स करून दिली आणि संख्या तपासायची पद्धत शिकवली. सगळ्या संख्यांनी भागायची गरज नाही, फक्त मूळ संख्यांनी भागायचं आणि तेही वर्गमुळापर्यंतच. कारण फुटायचं असेल तर दोन तुकडे होणार आणि त्यातला एक तरी वर्गमुळाहून मोठा नसणारच. मास्तरांना हे एका दमात कळलं.

आठ आकडी संख्येपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. खिशातला कॅल्क्युलेटर होता. भाग दिला, टिंबापुढे शेपूट आलं की संख्या त्या भाजकाने फुटली नाही. पण त्या यंत्रात आठच आकडे मावतात. नवव्या आकड्याला यंत्राने हात टेकले आणि भागाकार कागदावर आला. भाजक दोन हजारांच्या आसपास. एकट्याने करायचं म्हटलं तर पुढचा लग्नमोसम उजाडला असता. मग मास्तरांनी शक्कल लढवली. बँडमधल्या सगळ्यांना बसवलं. सनई, ट्रंपेट, खुळखुळा, ताशा, ढोल, प्रत्येकाला वाटा. लग्नपत्रिकांचे गठ्ठे घरात पडलेलेच होते, त्यांच्या कोऱ्या पाठींवर भागाकार सुरू झाले. ढोलवाला दिलावर मला नंतर म्हणाला, "बाई, त्या सालचा पावसाळा कसा गेला कळलं न्हाय. बायको म्हनायली, ह्यास्नी कुनी करणी केली काय?"

आता वाटप कसं झालं ते नीट ऐका, कारण सगळं तिथेच आहे. या बँडचे ज्येष्ठ म्हणजे हुसेन उस्ताद. क्लॅरिनेट वाजवायचे. मास्तरांच्या वडिलांच्या काळापासूनचे. सुपारीचा पहिला नारळ त्यांचा, पंगतीत पहिलं ताट त्यांचं, वरातीत नवरदेवाच्या मामाने ओवाळलेली पहिली नोट त्यांची. तेव्हा भाजकांचा पहिला वाटा दुसऱ्या कुणाला जाणार? सातपासून सत्तेचाळीसपर्यंतच्या मूळ संख्या मानाने उस्तादांना गेल्या. लहान आहेत, उस्तादांना त्रास नको, हाही विचार. आणि उस्तादांनी दोनच दिवसांत निरोप पाठवला, "काय न्हाय त्यात." बाकी सगळ्यांचे भागाकार मास्तरांनी स्वतः उलट तपासले. दिलावरचे तर दोनदा. उस्तादांचे तपासले नाहीत. मानाच्या माणसाचं काम तपासायचं म्हणजे त्याचा पाणउतारा करायचा.

यातला धोका माझ्यासारखीला दिसतो. मोठा भाजक लागण्याचा संभव नगण्य असतो. सात, अकरा, तेरा, सतरा ही मंडळीच खरी फोडणारी. म्हणजे मानाने जो वाटा दिला तोच सगळ्यात जोखमीचा होता आणि तेवढाच कुणी पाहिला नव्हता. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला पोचली ती थेट निमंत्रणपत्रिका. गणेशोत्सवाच्या आधी, दुपारी, उचगावात, 'शौकत सूत्राचा प्रकाशन सोहळा'. अध्यक्ष सरपंच, प्रमुख पाहुण्या मी.

मंडप भरलेला होता. मास्तरांच्या लेकीचं लग्न नुकतंच ठरलं होतं, ते व्याही पहिल्या रांगेत. या व्याह्यांना मास्तर वर्षभर सांगत होते की नुसता बँडवाला समजू नका, माझ्या नावाचं सूत्र निघणार आहे. त्यांच्या शेजारी हुसेन उस्ताद, डोक्याला गुलाबी फेटा, मांडीवर क्लॅरिनेट. व्यासपीठाच्या एका बाजूला शाळेतून आणलेला फळा, त्यावर रंगीत खडूने 'हार्दिक स्वागत'. मागे पंधरा फुटी फ्लेक्स, पडद्याने झाकलेला. सरपंचांनी दोरी ओढली, ताशा कडाडला आणि पडदा खाली आला.

वर मास्तरांचा गॉगल घातलेला फोटो. खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात दोघे असे की त्यांना आकडे मोजता येत होते की नाही याची मला शंका आहे. आणि मधोमध पायऱ्या-पायऱ्यांनी ३१, ३३१, ३३३१, ३३३३१ असं करत करत सगळ्यात खाली हातभर उंचीचे लालभडक आकडे, ३३३३३३३३१. आठ वेळा तीन, मग एक.

मला एकदम कौतुक वाटलं. किती देखणी माळ. वरच्या दोन-तीन पायऱ्या फुटत नाहीत हे मला तिथल्या तिथे दिसत होतं. (ही माळ जुन्या पुस्तकांत आहे हे मला पुढे कळलं. तेव्हा ती माझ्यासाठीही नवी होती.) मग सरपंच बोलायला उभे राहिले. गटारांवर आले, पाणीपुरवठ्यावर आले, गणिताकडे काही वळेनात. आणि माझी खोड जागी झाली.

सातने बघितलं, नाही. अकराने नाही, तेराने नाही. सतरा. तेहेतीसात सतरा एकदा, उरले सोळा. असं करत करत शेवटच्या घराला आले तेव्हा हातात एक्कावन्न होते. सतरा त्रिक एक्कावन्न. खाली काहीच उरलं नाही.

मला वाटलं आपलं चुकलं. पत्रिकेच्या मागे पुन्हा मांडलं. सतरा गुणिले एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. चोख. पंधरा फुटी फ्लेक्सवरची संख्या सतराने फुटलेली आणि अजून दहा मिनिटांत मला उभं राहून तिचं कौतुक करायचं होतं. खरं सांगते, तरीही मला हसू येत होतं, कारण दोन हजार भाजकांची लढाई आणि तीही सतराच्या पाढ्यात हरलेली.

शेजारी मास्तर जरीचा कोट घालून छाती काढून बसलेले. मी वाकून विचारलं, "मास्तर, सतरा कुणाच्या वाट्याला होता?"

"उस्तादांच्या," ते अभिमानाने म्हणाले. "मानाचा वाटा."

मी पत्रिका पुढे केली. मास्तरांनी ती वाचली. मग स्वतः बोटाने गुडघ्यावर भाग देऊ लागले. ओठ हलत होते. शेवटच्या घराला बोट थांबलं आणि त्यांनी वर बघितलं ते माझ्याकडे नाही, पहिल्या रांगेतल्या उस्तादांकडे.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले. इतका हळू आवाज त्यांच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. "त्यास्नी भागाकारच येत न्हाय. साळंत गेल्यालंच न्हाईत त्यानी. कॅल्क्युलेटर हुता तवर शेपूट बघून सांगायचं. माज्या ध्येनातच आलं न्हाय वो."

"मास्तर, मी खोटं बोलणार नाही. ती संख्या फुटते."

"खरंच बोला. माजं काय व्हायचं ते हू दे. फकस्त सतरा कुनाचा हुता ते तेवडं सांगू नका."

माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकसमोर उभी राहिले. एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला उस्ताद आणि मध्ये खरं. मी पायऱ्यांचं मनापासून कौतुक केलं. म्हटलं, इतकी लांब माळ न फुटता जाते हे नवलच आहे. मग म्हटलं, "पण ही शेवटची संख्या फुटली."

मंडपात कुजबुज वाढली. व्याह्यांनी मान तिरकी करून मास्तरांकडे बघितलं. सरपंच खुर्चीतूनच ओरडले, "आँ? कुनी फोडली?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तरांनी माझ्या हातातून माईक ओढून घेतला.

"आमच्या उस्तादांनी!" त्यांचा खरा आवाज परत आला होता. "ऐका मंडळी. आमी समद्यांनी पावसाळाभर भाग दिलं. हजारांनी दिलं. एकाला बी फुटला न्हाय. ह्यो आकडा फुटला त्यो फकस्त उस्तादांच्या वाट्यात! सतरानं! सूत्र माजं गेलं, पर उस्तादांचा वाटा खरा ठरला!"

मी मनात वाक्यं तपासत होते. पहिलं सोडलं, तर एकही खोटं नव्हतं. पेपर तपासणारी बाई म्हणून सांगते, असं उत्तर लिहिणाऱ्याचे मार्क कापता येत नाहीत.

टाळ्या पडल्या. मास्तरांसाठी आणलेली शाल उस्तादांच्या खांद्यावर गेली. उस्ताद उभे राहिले, चेहऱ्यावर काहीही नाही. आणि तेवढ्यात सरपंचांना हुक्की आली.

"उस्ताद, फळा हाय हितं. करून दावा की! आमालाबी बघू दे."

मास्तरांचा चेहरा पडला. उस्ताद जागचे हलले नाहीत, क्लॅरिनेटवरची बोटं तेवढी घट्ट झाली. आता मात्र मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही, पण राग आला की माझा आवाज चढतो आणि चढलेल्या आवाजापुढे कोल्हापुरातले भलेभले गप्प बसलेले आहेत.

"सरपंच, उस्तादांनी त्यांचं काम केलंय. आता तुमची पाळी. सतराचा पाढा येतो का?" सरपंच हसले आणि खाली बघू लागले. "येतो का नाही? मग सगळा मंडप म्हणेल. दिलावर, ढोल घ्या."

फळ्यावरचं हार्दिक स्वागत मी पदराने पुसलं आणि संख्या मांडली. मग सबंध उचगाव माझ्या वर्गात बसलं. तेहेतीसात सतरा किती वेळा? "सतरा एके सतरा!" ढोल. उरले सोळा, वरून तीन, एकशे त्रेसष्ट. "सतरा नव्वे त्रेपन्नासे!" ढोल. मागच्या रांगेतल्या बायका पुढे आल्या. व्याही सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते, त्यांचा पाढा पक्का होता. "सतरा चोक अडुसष्ट!" ढोल. शेवटी एक्कावन्न. "सतरा त्रिक एक्कावन्न!" वजा केलं आणि मी वळून विचारलं, "उस्ताद, काय उरलं?"

खाली काही लिहिलेलंच नव्हतं, ते त्यांना दिसत होतं.

"काय न्हाय," उस्ताद म्हणाले.

दिलावरने ढोल असा बडवला की फ्लेक्सची एक दोरी सुटली. मास्तरांनी हात वर केला, बँड सुरू झाला आणि पुढे कुणाला काही विचारताच आलं नाही. जेवताना व्याही मला म्हणाले, "मास्तर लई मोठ्या मनाचा मानूस. सूत्र गेलं तरी हसतोय. सून चांगल्या घरातली हाय आमची." म्हणजे मास्तरांची व्याह्यांपुढे जायची होती ती अब्रू वाचली.

आठ-दहा दिवसांनी सकाळी दारात हुसेन उस्ताद. एकटेच. वर्तमानपत्रात गुंडाळलेली शाल माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडं ठेवा, बाई. माजी न्हवं ती."

बसा म्हटलं तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले. "शौकतनं मला झाकलं. त्येला वाटतंय मला कळलं न्हाय. आठ आकड्यापत्तूर ती कॅल्क्युलेटरची डबी हुती. नवव्याला डबी बंद पडली. आता बारा पोरांम्होरं कसं सांगू, मला येत न्हाय म्हनून? ज्यांना बोट धरून सूर शिकवला, त्यांच्याम्होरं?" "मला भागाकार शिकवा. शौकतला सांगू नका."

त्याच आठवड्यात मास्तरही येऊन गेले. "बाई, उस्तादांना मला ठावं हाय हे कळू देऊ नका." मी दोघांनाही शब्द दिला. त्यानंतर वर्षभर दोघांच्या मध्ये बसून मी जी मजा अनुभवली ती सांगून कळायची नाही.

त्या दिवशी शाल ठेवून उस्ताद गेल्यावर मात्र मी चहा गार होऊ दिला. उभ्या नोकरीत मी वर्गाला रोज विचारत आले, "समजलं का?" माना हलायच्या आणि मी पुढे जायची. त्या हलणाऱ्या मानांत किती हुसेन उस्ताद असतील, याचा मी कधी विचार केला नव्हता. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

उस्ताद दर शुक्रवारी नमाज झाल्यावर यायचे. पाढे त्यांना झटक्यात आले, कारण ते चालीवर म्हणायचे आणि चाल ते विसरत नसत. सतराच्या पाढ्याला त्यांनी जी चाल लावली ती मी अजून भांडी लावताना गुणगुणते. भागाकारात मात्र वरून आकडा खाली घ्यायचा की नाही यावर आमची भांडणं व्हायची. "त्यो वरचा बसलाय की आरामात, त्येला कशाला खाली ओढायचं?" असं ते म्हणायचे. मी चिडायची, तेही चिडायचे. एकदा तर क्लॅरिनेटची पेटी उचलून निघून गेले आणि पुढच्या शुक्रवारी वेळेवर हजर.

इकडे शौकत मास्तर हरले नव्हते. एक संख्या फुटली म्हणून काय झालं, पुढची न फुटेल, असं म्हणत त्यांनी पुढच्या श्रावणात दहा आकडी संख्या काढली. नऊ वेळा तीन, मग एक. पुन्हा यादी, पुन्हा लग्नपत्रिका, पुन्हा वाटे. मानाचा वाटा उस्तादांनाच. या वेळी मात्र आठवड्याभरातच गंमत झाली. दिलावरच्या वाट्यात सहाशे त्र्याहत्तरने संख्या फुटली. त्याने ती मास्तरांना दाखवली, मास्तरांनी मला फोन केला, मी पडताळली. बरोबर. संपलं.

पण बँडमध्ये कुणी ब्र काढला नाही. रीत म्हणजे रीत. मानाचा वाटा आल्याशिवाय बाकीच्यांचं जाहीर करायचं नाही. उस्तादांचं चालू होतं. श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले, नवरात्र झालं. रोज वाजवून आल्यावर उस्ताद पत्रिकेच्या पाठीवर एखादा भागाकार करत. डझनभर माणसं उत्तर पोटात ठेवून गप्प. दिलावरचं पोट कसं फुटलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

ऑक्टोबरच्या रणरणत्या दुपारी उस्ताद माझ्याकडे आले. पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"बगा. आधी तुमी बगा, मग शौकतला देतो." आणि मग मान ताठ करून, "माज्याकडं न्हाय फुटला. माज्याकडं फुटायची त्येची टाप न्हाय."

मी एकेक पत्रिका उलटून बघू लागले. कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर सात, कुणाच्या वास्तुशांतीच्या पाठीवर अकरा. अक्षर थरथरतं, पण आकड्याखाली आकडा. सातची बाकी बरोबर, तेराची बरोबर, सतराची बरोबर. उस्ताद कपाटाकडे बघत होते, शाल त्यात होती हे त्यांना माहीत होतं. मी त्रेचाळीसपाशी आले. बाकी तेहेतीस लिहिली होती.

फुटत तर नव्हतीच संख्या. तेहेतीस काय आणि दुसरं काही काय, निकालात काही फरक पडणार नव्हता. कपाट उघडून शाल दिली असती तर कुणालाच कळलं नसतं.

"उस्ताद, त्रेचाळीसची बाकी चुकली."

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. वर्षभरातल्या भांडणांइतक्याच रागाने. मग खुर्ची ओढली, पत्रिकेची कोरी कड शोधली आणि बसले. घाम कपाळावरून नाकावर आला तरी पुसला नाही. आकडे ते चालीवर म्हणत होते. मी कपाट उघडलं, शाल काढली, वरचं वर्तमानपत्र सोडवलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

"चौतीस," ते म्हणाले.

"चौतीस."

उस्तादांनी पेन्सिल कानावर ठेवली. शाल उचलून झटकली, दोन्ही खांद्यांवरून नीट घेतली, गठ्ठा बगलेत मारला आणि तसेच भर उन्हात उचगावची बस पकडायला निघाले.